अनवाणी पावलांचा संत : जुझे वाझ

5 ऑगस्ट 1677 रोजी सांकवाळ गावात एका तरुण धर्मगुरूने एक दस्तऐवज लिहून काढला. वय वर्षे 26. घराणे सुखवस्तू, गावात मान, शिक्षण उत्तम. आयुष्याची घडी नीट बसावी अशी सगळी सामग्री हाताशी होती. तरीही त्या कागदावर त्याने स्वतःला विकून टाकले. घेणारी होती मारियामाता, आणि व्यवहार होता कायमच्या दास्याचा. त्या काळी गोव्याच्या बाजारपेठेत माणसांची खरेदी-विक्री उघडपणे चालत असे. गुलामाच्या विक्रीपत्राची भाषा लोकांना परिचित होती. तीच भाषा उचलून या धर्मगुरूने ती स्वतःवर लागू केली, आणि पुढची 33 वर्षे तो करार शब्दशः पाळला. हे धर्मगुरू म्हणजे जुझे वाझ. आज ते संत म्हणून ओळखले जातात.

जुझे वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी बाणावलीला, आजोळी झाला. तिथल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ सांकवाळचे, आई मारिया दि मिरांदा बाणावलीची. घराणे ख्रिस्ती ब्राह्मणांचे होते. मुलगा हुशार निघाला. पोर्तुगीज आणि लॅटिन शिकून तो गोवे शहरात जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयात गेला. पुढे डॉमिनिकन पंथाच्या अकादमीत त्याने तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राचा अभ्यास केला. 1676 मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. सांकवाळला परतून त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. प्रवचनकार म्हणून त्यांचे नाव होऊ लागले. त्याहून जास्त नाव झाले ते कुमसार ऐकणारा पाद्री म्हणून. आपल्या चुका धर्मगुरूपुढे कबूल करून देवाची क्षमा मागण्याच्या विधीला गोव्यात कुमसार म्हणतात. आपले ओझे हलके करायला माणसे दूरदूरहून या तरुणाकडे येत. पुढच्या सगळ्या कथेचे बीज इथे आहे.

परंतु त्या काळच्या गोव्यात स्थानिक धर्मगुरू होणे म्हणजे दुय्यम होणे. पोर्तुगालहून आलेल्या मोठ्या धर्मसंघांचे दरवाजे गोमंतकीयांना बंद होते. या भेदाची सर्वांत ठसठशीत साक्ष मिळते ती आपल्या डिचोलीत. दिवाडी बेटावर जन्मलेले मातेउस दि कास्त्रो यांना गोव्यात दीक्षा नाकारली गेली. तेव्हा त्यांनी थेट रोम गाठले, तिथे धर्मगुरू झाले आणि 1637 मध्ये बिशपही झाले. लॅटिन परंपरेतले ते पहिले भारतीय बिशप. पण बिशप होऊन परतलेल्या या गोमंतकीयाला पोर्तुगीज गोव्यात जागा नव्हती. डिचोली तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होती. त्यांनी आपला मुक्काम तिथे ठेवला. पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यापूर्वी नदीपलीकडचा हा मुलूख वेगळ्या राजवटीचा होता, आणि म्हणूनच पोर्तुगीजांना नकोशा झालेल्या एका ख्रिस्ती बिशपाला तिथे आसरा मिळू शकला. कास्त्रो तेजस्वी होते, मानी होते, आणि झालेला अपमान ते कधी विसरले नाहीत. पोर्तुगीज सत्तेशी त्यांचे वैर अखेरपर्यंत मिटले नाही. 1677 मध्ये, म्हणजे वाझ यांनी आपले दास्यपत्र लिहिले त्याच वर्षी, ते रोममध्ये निवर्तले.

अपमान तोच, पण वाझ यांची वाट वेगळी. 1681 साली त्यांना कानडा प्रांतात पाठवण्यात आले. मंगळूर, बसरूर, गंगोळी या पट्ट्यात गोव्याहून गेलेली अनेक ख्रिस्ती कुटुंबे होती. मुलूख केळदीच्या राणी चेन्नम्मेचा. पुढे जिंजीकडे निघालेल्या राजाराम महाराजांना याच राणीने आसरा दिला, हे मराठी वाचकाला ठाऊकच आहे. वाझ यांच्यापुढे तिथे मोठा पेच उभा राहिला. रोमने नेमलेले बिशप थॉमस दि कास्त्रो त्या प्रांतात होते, आणि ते डिचोलीच्या मातेउस दि कास्त्रो यांच्याच घराण्यातले. गोव्याचे आर्चबिशप त्यांचा अधिकार मानायला तयार नव्हते, आणि वाझ तर गोव्याच्या बाजूने आलेले. दोन अधिकारपीठांच्या भांडणात गावोगावचे भाविक भरडले जात होते. वाझ यांनी भांडण पेटवले नाही. थॉमस यांच्याशी त्यांनी आदराने वागणूक ठेवली आणि लोकांचे विधी अडू नयेत एवढेच पाहिले. तीन वर्षे त्या किनाऱ्यावर त्यांनी पायपीट केली आणि 1684 मध्ये ते गोव्यात परतले.

1684 हे गोव्याच्या इतिहासात एका वेगळ्याच कारणाने नोंदले गेलेले वर्ष आहे. त्या वर्षी व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषा सोडून देण्याचा आणि तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचा हुकूम लोकांना दिला. इन्क्विझिशनची दहशत तर 1560 पासून होतीच. गोव्यात ख्रिस्ती धर्म हा राज्यकर्त्यांचा धर्म होता. त्याच्या पाठीशी तोफा होत्या, कचेऱ्या होत्या, तुरुंग होते. याच राज्यात वाढलेला, त्याच धर्माची दीक्षा घेतलेला एक माणूस पुढे जिथे गेला तिथे परिस्थिती नेमकी उलटी होती. तिथे तुरुंग दुसऱ्यांच्या हाती होते. श्रद्धेचा खरा कस कुठे लागतो, हा प्रश्न ज्याला पडतो त्याने वाझ यांच्या आयुष्याचे हे दोन भाग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

जुन्या गोव्यात होली क्रॉस ऑफ मिरॅकल्स या टेकडीवरच्या चर्चपाशी काही गोमंतकीय धर्मगुरू पास्कोआल दा कॉस्ता जेरेमियस यांच्या पुढाकाराने 1682 पासून एकत्र राहू लागले होते. परदेशी संघ आपल्याला घेत नसतील तर आपण आपले घर बांधू, असा तो साधा आणि स्वाभिमानी विचार. 1685 च्या सप्टेंबरात वाझ त्यांच्यात सामील झाले आणि लवकरच त्यांचे प्रमुख झाले. या मंडळीला नियमबद्ध रूप देताना त्यांनी आदर्श निवडला तो सोळाव्या शतकातल्या रोमच्या संत फिलिप नेरी यांचा. नेरी हे हसऱ्या वृत्तीचे संत म्हणून ओळखले जात. आंबट चेहऱ्याची भक्ती त्यांना मान्य नव्हती. ज्याला क्षमा मिळाली आहे त्याने उदास का राहावे, अशी त्यांची धारणा. सांकवाळच्या या गंभीर, कडक उपासतापास करणाऱ्या माणसाने नेमका हा आनंदी संत गुरुस्थानी घ्यावा, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. पुढच्या काळात वाझ यांच्या वाट्याला जे आले ते केवळ कर्तव्यबुद्धीच्या बळावर निभावण्यासारखे नव्हते.

वाझ यांच्या मनात सिलोन घर करून बसले होते. सिलोन म्हणजे आजची श्रीलंका. पोर्तुगीजांनी तिथल्या किनारपट्टीवर दीड शतक राज्य केले आणि मोठ्या संख्येने लोक कॅथलिक झाले. मग डच आले. 1656 मध्ये कोलंबो पडले, 1658 मध्ये मन्नार आणि जाफना. डच प्रोटेस्टंट होते आणि पोर्तुगीजांचे हाडवैरी. कॅथलिक पाद्री म्हणजे शत्रूचा हेर, हे त्यांचे साधे गणित. त्यांनी सगळ्या पाद्र्यांना हाकलले, चर्चेस ताब्यात घेतली आणि पाद्र्याला आसरा देणाऱ्याला देहान्ताची शिक्षा जाहीर केली. त्यानंतर जवळजवळ 30 वर्षे त्या बेटावरच्या कॅथलिकांना धर्मगुरू म्हणून माहीत नव्हता. लग्ने होत, मुले जन्मत, माणसे मरत, पण मिस्सा नाही आणि कुमसारही नाही. मनावरचे ओझे कुठे उतरवायचे, याला उत्तर नव्हते. वाझ यांना तिकडे बोलावत होते ते हे उत्तर.

1686 मध्ये त्यांनी गोवा सोडला, तो कायमचा. सोबत घरचा विश्वासू सेवक जुआंव आणि मिस्सेसाठी लागणारे थोडके साहित्य. अंगरखा उतरवून त्यांनी गरीब मजुराचा वेश घेतला आणि पायांतली पादत्राणेही सोडली. उच्चवर्णीय घरातल्या, चार भाषा जाणणाऱ्या पंडिताला तो वेश चढवताना काय वाटले असेल, याची कल्पना आपल्या समाजाला सहज करता येईल. आजही गावच्या वाटेवर कोण कोणत्या कपड्यांत दिसला याची चर्चा होते. तेव्हा तर जात अंगावर वागवली जात असे. वाझ यांनी ती किनाऱ्यावरच ठेवली. मलबारच्या बाजूने खाली उतरत ते तुतिकोरीनला पोहोचले आणि 1687 च्या ईस्टरच्या सुमारास तिथून होडीने निघाले. वादळाने होडी भरकटली. प्यायचे पाणीही पुरेना अशा अवस्थेत ते मन्नारला लागले आणि तिथून जाफन्याला गेले.

उतरले ते आजारी होऊनच. जुलाबाने त्यांचे शरीर खंगून गेले. साथ पसरेल या भीतीने लोकांनी त्या दोघा अनोळखी भिकाऱ्यांना वस्तीबाहेर नेऊन टाकले. एका बाईने त्यांना पेज आणून दिली. ते जगले ते त्या पेजेवर, असे चरित्रकार सांगतात. तिचे नाव कुठे नोंदलेले नाही. ज्या देशाला क्षमेचे वरदान देण्यासाठी ते आले होते त्या देशात त्यांना पहिले दान मिळाले ते एका अनामिक बाईच्या हातून, आणि तेही ते कोण आहेत हे ठाऊक नसताना. घेण्यापासून सुरुवात झाली. वाझ यांच्या स्वभावाला ते शोभणारे होते. आपण ऋणी आहोत हे ते सांकवाळच्या कागदावर लिहून आलेच होते.

बरे वाटू लागल्यावर त्यांनी गळ्यात मोठी जपमाळ घातली आणि दारोदार भिक्षा मागायला सुरुवात केली. विचारायची सोय नव्हती, सांगायचीही नव्हती. ती माळ पाहून कोणाच्या डोळ्यांत काही हलते का, एवढेच ते पाहत. डिचोली-पेडण्याच्या गावांत दारावर येणारा भिक्षेकरी ही जुनी ओळखीची गोष्ट. त्याच्या गळ्यातल्या माळेवरून तो कुठल्या पंथाचा हे घरची म्हातारी माणसे ओळखत. जाफन्यातही शेवटी तसेच झाले. एका घरात माळ ओळखली गेली. मग दबक्या आवाजात प्रश्न आला, तितक्याच दबक्या आवाजात उत्तर गेले, आणि 30 वर्षांची कोंडी फुटली.

त्यानंतरचा जाफन्यातला काळ हा वाझ यांच्या आयुष्यातला मला सर्वांत मौल्यवान वाटणारा भाग आहे. तो चमत्कारांचा नाही. तो रात्रींचा आहे. दिवसा ते भिकारी असत. अंधार पडला की एखाद्या घराच्या आतल्या खोलीत माणसे जमत. वाझ कुमसार ऐकत, पहाटेपूर्वी मिस्सा म्हणत आणि उजाडायच्या आत ते ठिकाण सोडून निघत. विचार करून पाहा, 30 वर्षे साठलेले सांगायला माणूस येतो तेव्हा काय काय घेऊन येत असेल. डचांच्या भीतीने काहींनी जाहीरपणे धर्म सोडला होता. काहींनी शेजाऱ्याचे नाव सांगितले असेल. कोणी भावाशी वैर धरले असेल, कोणाच्या हातून याहून वाईट घडले असेल. अशा माणसांपुढे बसलेला हा पाद्री त्यांच्याहून अधिक शुद्ध म्हणून तिथे नव्हता. तोही पकडला गेला तर मरणार होता, आणि त्याला घरात घेणाराही. देणारा आणि घेणारा एकाच फासाखाली बसून क्षमेचा व्यवहार करत होते. गोव्याच्या भव्य चर्चमधल्या कोरीव लाकडी कुमसारपेटीत जे घडत असेल त्याहून हे काही वेगळे होते. भीतीला तिथे अर्थातच जागा होती. पण त्या खोल्यांतून माणसे हलकी होऊन बाहेर पडत, आणि हलका झालेला माणूस दुसऱ्या रात्री आणखी दोघांना घेऊन येई. सिल्लालै हे गाव या गुप्त जाळ्याचे केंद्र बनले.

1689 च्या नाताळात डचांनी छापा घातला. शेकडो कॅथलिक पकडले गेले, त्यांच्या पुढाऱ्यांचा अमानुष छळ झाला. वाझ मात्र निसटले. आपल्यासाठी इतरांनी मार खाल्ला हे ओझे घेऊन त्यांनी डच मुलूख सोडला आणि कँडीच्या सिंहली राज्यातल्या पुत्तळमला आश्रय घेतला. तिथून 1692 मध्ये ते राजधानी कँडीकडे निघाले.

कँडीच्या गादीवर बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य होता. त्याच्या दरबारी लानेरोल नावाचा फ्रेंच प्रोटेस्टंट होता. येणारा माणूस पोर्तुगीजांचा हेर आहे, असे त्याने राजाच्या कानावर घातले. वाझ यांना आणि त्यांच्या सोबत्यांना बेड्या पडल्या. एका ख्रिस्ती माणसाने दुसऱ्या ख्रिस्ती माणसाला बौद्ध राजाच्या कैदेत टाकावे, ही इतिहासाची थट्टाच. वाझ यांनी कैदेत दोन गोष्टी केल्या. प्रार्थना केली आणि सिंहली भाषा शिकून घेतली. गोव्यात लोकांची भाषा मोडण्याचे फर्मान निघून आठ वर्षे झाली होती, आणि गोव्याचाच हा पाद्री कोठडीत बसून आपल्या पहारेकऱ्यांची भाषा गिरवत होता. तमिळ तर त्यांनी आधीच शिकून घेतली होती. हळूहळू पहारा सैल झाला. त्यांनी कैदेच्या आवारातच एक झोपडीवजा प्रार्थनास्थळ उभारले आणि शहरातले कॅथलिक तिथे येऊ लागले.

1693 मध्ये मोठा दुष्काळ पडला. पावसासाठी सगळे उपाय करून थकल्यावर राजाच्या माणसांनी या परदेशी कैद्यालाही प्रार्थना करायला सांगितले. त्याने चौकात वेदी मांडली, क्रूस ठेवला आणि गुडघे टेकले. धो धो पाऊस कोसळला आणि वेदी तेवढी कोरडी राहिली, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. कोरड्या वेदीचे ज्याचे त्याने ठरवावे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, त्यानंतर राजाने वाझ यांना आपल्या राज्यात मोकळेपणी फिरण्याची मुभा दिली. राजाची मर्जी लाभलेल्या माणसाला आपल्यावर आळ घेणाऱ्याचा हिशेब चुकता करता येतो. वाझ यांनी त्या मर्जीचा उपयोग फक्त पायांसाठी केला. अनवाणी हिंडून ते गावोगावी जाऊ लागले, वेषांतर करून डच मुलखातही शिरू लागले. कोलंबोपर्यंत त्यांची मजल गेली.

दहा वर्षे ते त्या बेटावर एकटेच धर्मगुरू होते. गोव्याच्या ओरेटरीतून पहिली मदत पोहोचली ती जवळपास दशकभरानंतर. त्या मंडळींत वाझ यांचे आप्त जुझे कार्व्हाल्यो होते. ते आले आणि 1697 मध्ये कँडीत देवीची साथ भडकली.

देवीची भीती आपल्याकडेही गेल्या पिढीपर्यंत जिवंत होती. अंगावर फोड उठलेल्या माणसाजवळ जायला सख्खे नातेवाईक धजत नसत. कँडीत राजा शहर सोडून गेला, श्रीमंत गेले, ज्यांना चालता येत होते ते सगळे गेले. रोग्यांना रानात आणि रस्त्यांवर टाकून देण्यात आले. दहा वर्षांपूर्वी जाफन्याच्या वस्तीबाहेर असाच टाकून दिलेला एक आजारी माणूस आता त्या रानात फिरू लागला. वाझ आणि कार्व्हाल्यो यांनी ओस पडलेली घरे रोग्यांसाठी उघडली. जखमा धुणे, पेज भरवणे, औषध देणे, घाण काढणे हे सगळे ते दोघे करत. मेलेल्यांसाठी खड्डेही त्यांनीच खणले. रोगी बौद्ध आहे, हिंदू आहे की कॅथलिक हे विचारले गेले नाही. साथ वर्षभर चालली आणि त्या वर्षभरात हा दिनक्रम खंडला नाही. ज्यांनी त्यांना हेर म्हणून बेड्या घातल्या होत्या त्याच नगरीची ही सेवा होती. वाझ नसते तर कँडीचे रस्ते प्रेतांनी भरले असते, हे राजानेही मान्य केल्याचे सांगतात.

सूड नाही, तक्रार नाही, एवढ्याने हे समजत नाही. पेज देणाऱ्या त्या बाईचे ऋण वाझ कँडीत फेडत होते, असे मला वाटते. त्यांच्या श्रद्धेत क्षमा ही आपण कोणाला तरी मोठेपणाने द्यायची वस्तू नव्हती. ती आपल्याला आधी मिळालेली होती आणि तिचा हिशेब पूर्ण होणार नव्हता. म्हणून ते दास होते, आणि म्हणूनच त्या दास्यात त्यांना आनंद होता.

पुढे रोमच्या प्रतिनिधीकडून त्यांना सिलोनच्या व्हिकर अपोस्टॉलिक पदाची, म्हणजे बिशपाच्या तोडीच्या अधिकाराची, विचारणा झाली. डिचोलीच्या मातेउस दि कास्त्रोंनी ज्या मानासाठी जन्मभर झुंज दिली, तसाच मान चालून आला असता वाझ यांनी तो नम्रपणे परत केला. 1705 मध्ये दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस सिलोनला पोहोचले. वाझ यांनी लावलेल्या रोपाला त्यांनी शब्दांचे खतपाणी घातले. सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषांत त्यांनी विपुल ग्रंथरचना केली आणि सिंहली कॅथलिक साहित्याचे ते जनक मानले जातात. दिवाडीच्या एका बेटाने सतराव्या शतकात केवढी माणसे दिली, याचा स्वतंत्र लेख व्हायला हवा.

शरीर आता थकले होते. विमलधर्मसूर्य 1707 मध्ये वारला आणि त्याचा मुलगा नरेंद्रसिंह गादीवर आला. त्यानेही वाझ यांच्यावर तोच लोभ ठेवला. शेवटच्या महिन्यांत त्यांना धड उभेही राहता येत नव्हते. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीत त्यांनी देह ठेवला. वय 59. गोव्याहून निघून चोवीस वर्षे होऊन गेली होती आणि सांकवाळ त्यांनी पुन्हा पाहिले नव्हते.

कँडीत त्यांना जिथे पुरले ती जागा काळाच्या ओघात हरवली. 21 जानेवारी 1995 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत त्यांना धन्य घोषित केले, आणि 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. श्रीलंकेतले कॅथलिक त्यांना आपला प्रेषित मानतात. सांकवाळला त्यांच्या काळचे आरोग्यमातेचे चर्च पुढे आगीत भस्मसात झाले. आता त्याची दर्शनी भिंत तेवढी उभी आहे. दर जानेवारीत सांकवाळला त्यांचे फेस्त भरते आणि गोव्याच्या कानाकोपऱ्यांतून भाविक तिथे येतात. अनेक जण पायी येतात.